पत आणि पाश

कर्जाच्या व्यवहाराविषयीं आपल्या भाषेंत दोन शब्द रूढ आहेत. एक ‘पत’ आणि दुसरा ‘पाश’. बाजारांत ज्याच्या शब्दावर माल मिळतो त्याला पत आहे असें आपण म्हणतों. आणि ज्याचें शेत, घर व पुढल्या सुगीचें धान्यही दुसऱ्याच्या वहींत लिहून गेलें आहे, तो सावकारी पाशांत सांपडला असें म्हणतों. दोहोंच्या मुळाशीं उसना घेतलेला पैसाच असतो. मग तोच पैसा एकाला उभा करतो आणि दुसऱ्याला आडवा पाडतो, हें घडतें कसें? प्रश्न जुनाच आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत त्याला नवें महत्त्व आलें आहे. टोपली घेऊन बसणारी भाजीवाली, सुपें विणणारा बुरूड, घरीं स्वयंपाक करून डबे पुरविणारी बाई, अशा लोकांना तारणावांचून लहानसें कर्ज दिलें असतां त्यांचा धंदा वाढतो व दारिद्र्य हटतें, हा सिद्धांत सन १९७६ नंतर जगभर गाजला. पुढें सन २०१० च्या सुमारास, हा सिद्धांत म्हणजे गरिबांच्या लुबाडणुकीला दिलेलें सभ्य नांव होय, असेंही तितक्याच जोरानें म्हटलें गेलें. आमच्या मतें दोन्ही पक्ष इतिहासाकडे पाठ फिरवून बोलतात. लहान कर्जाची कहाणी पन्नास वर्षांची नसून जवळजवळ तीनशें वर्षांची आहे. आणि ती सबंध पाहिली म्हणजे असें दिसतें कीं, कर्ज किती यापेक्षां तें कोणाच्या हितासाठीं, कोणत्या मुदतीनें आणि कोणत्या धंद्यासाठीं दिलें जातें, यावरच त्याची पत होणार कीं पाश होणार हें ठरत आलें आहे.

प्रथम अलीकडची कथा सांगूं. सन १९७४ चा दुष्काळ बांगला देशानें नुकताच सोसला होता. चट्टग्राम विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकविणारे महंमद युनूस हे प्राध्यापक त्या सुमारास विद्यापीठालगतच्या जोब्रा गांवीं जाऊं लागले. वर्गांतील सिद्धांत आणि कुंपणापलीकडील उपासमार यांचा मेळ बसेना, या अस्वस्थतेनें त्यांना तेथें नेलें. ज्यांचें आयुष्य वर्गांतच गेलें अशा आमच्यासारख्यांना ती अस्वस्थता परकी वाटण्याचें कारण नाहीं. जोब्रांत बांबूचीं स्टुलें विणणारी एक स्त्री त्यांना भेटली. एका स्टुलाला लागणारा बांबू पांच टक्यांना पडे. टका हें तेथील नाणें. हे पांच टके तिच्याजवळ नसत. व्यापारी ते उसने देई, पण तयार स्टूल त्यालाच व त्यानें ठरविलेल्या भावानेंच विकलें पाहिजे, अशी त्याची अट असे. तो भाव साडेपांच टके. म्हणजे दिवसभराच्या कष्टाची मिळकत अर्धा टका! येथें व्याजाचा दर काय असें विचारण्यांत अर्थ नाहीं. कारण व्याज नांवाची रक्कम कोठें दिसतच नाहीं, ती विक्रीच्या भावांत दडलेली आहे. या बाईच्या हातीं कसब होतें, तिच्या मालाला गिऱ्हाईक होतें, कष्टाची तयारी होती. नव्हते ते फक्त पांच टके.

युनूस यांनीं गांवांत अशा स्थितींत किती जण आहेत याची यादी करविली. बेचाळीस माणसें निघालीं, आणि त्या सर्वांना मिळून लागणारी रक्कम होती ८५६ टके. त्या वेळच्या हिशेबानें सुमारें २७ डॉलर. ही रक्कम त्यांनीं खिशांतून दिली. परंतु खिशांतून दिलेल्या पैशानें संस्था उभी राहत नाहीं हें जाणून ते बँकेकडे गेले. तेथें मिळालेलें उत्तर सर्व देशांतील बँकांच्या तोंडीं असलेलेंच होतें: गरिबाजवळ तारण नाहीं, सबब त्याला कर्ज नाहीं. अखेर युनूस स्वतः जामीन राहिले, तेव्हां सन १९७६ च्या शेवटीं जनता बँकेकडून पैसा मिळाला. ‘ग्रामीण बँके’चा उगम तो हा.

परंतु युनूस यांनीं जें केलें तें अगदींच अपूर्व होतें असें नाहीं. गलिव्हरच्या सफरींचा कर्ता जोनाथन स्विफ्ट हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत डब्लिन येथें मोठा धर्माधिकारी होता. त्यानें पदरचे पांचशें पौंड बाजूला काढून ते शहरांतील कष्टाळू कारागिरांना पांच-दहा पौंडांच्या रकमांनीं उसने देण्याचा परिपाठ ठेविला. व्याज नाहीं, तारण नाहीं. ओळखीच्या दोघांनीं जामीन राहावें व कर्जदारानें दर आठवड्याला थोडें थोडें फेडावें, एवढेंच बंधन. शेजाऱ्याची ग्वाही आणि आठवड्याचा हप्ता, या दोन युक्त्या अडीचशें वर्षांनीं बंगालच्या खेड्यांत पुन्हा भेटतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. स्विफ्टच्या मागून आयर्लंडांत असे अनेक कर्जनिधि निघाले. सन १८२३ पासून त्यांना कायद्याचा आधार मिळाला, ठेवी घेण्याची व व्याज आकारण्याची मुभा मिळाली, आणि १८४० च्या सुमारास त्यांची संख्या तीनशेंच्या घरांत गेली. दहा पौंडांपर्यंतचें कर्ज व वीस आठवड्यांत फेड, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढें सन १८४३ च्या कायद्यानें त्यांच्या व्याजाची मर्यादा खालीं आणली. पाठोपाठ बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन महादुष्काळ आला. आणि हे निधि हळूहळू ओसरले. व्याज इतकें कमी असणें कीं कर्ज देण्याचा खर्चही निघूं नये, हें एक संकट. आणि कर्जदाराच्या हातचा रोजगारच नाहींसा होणें, हें दुसरें. हीं दोन्ही संकटें या कथेंत पुन्हा पुन्हा डोकावतात.

दुसरा प्रवाह जर्मनींतला. तेथें शुल्झ-डेलित्श यानें सन १८५० मध्यें शहरांतील कारागीर व लहान दुकानदार यांच्यासाठीं पतसंस्था काढली. ऱ्हाइनकांठच्या खेड्यांचा कारभार पाहणाऱ्या राइफायझेननें शेतकऱ्यांसाठीं तोच उद्योग आरंभिला. त्याचे आरंभीचे प्रयत्न धनिकांच्या दानावर चालले होते व ते टिकाऊ होईनात. तेव्हां सन १८६४ मध्यें हेडेसडॉर्फ येथें त्यानें खुद्द कर्जदारांचीच संस्था उभारली. क्षेत्र एका खेड्यापुरतें, चालक बिनपगारी, आणि एकानें बुडविलें तर भरपाईची जबाबदारी सर्वांवर. या अमर्याद जबाबदारीचें मर्म असें कीं, शेजारी कष्टाळू आहे कीं उधळ्या हें गांवाला जितकें ठाऊक असतें तितकें शहरांतील बँकेला कधींच कळत नाहीं. बँक तारण मागते ती वस्तुतः आपल्या अज्ञानाची भरपाई मागत असते. राइफायझेननें गांवाच्या माहितीलाच तारणाचें मोल आणून दिलें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि पाहतां पाहतां ही आग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. दंगेखोरांचा मुख्य रोख कागदांवर होता. खतें आणि वह्या हातीं लागल्या कीं त्यांची होळी करीत. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, आणि निरक्षर कुणब्याच्या अंगठ्याखालीं काय लिहिलें आहे हें त्याचें त्यालाच ठाऊक नसे. सरकारनें चौकशी नेमली व सन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यायोगें खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. हा कायदा योग्यच होता. पण त्यानें सावकाराचा हात धरला, तरी बियाण्याला व बैलाला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच उरला. तो ओळखून पुण्यास न्यायाधीश असलेल्या विल्यम वेडरबर्न यांनीं सन १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली व न्यायमूर्ति रानडे यांनीं तिचा पुरस्कार केला. हिंदुस्थान सरकारनेंही तिला अनुकूलता दाखविली. परंतु लंडनच्या भारतमंत्र्यांनीं ती नाकारली. एका तालुक्याचा प्रयोगही होऊं शकला नाहीं.

सरकारचें असें चाललें असतां लोकांनीं मात्र आपल्यापुरती वाट काढली. सन १८८९ मध्यें बडोद्यांतील मध्यम स्थितीच्या कांहीं महाराष्ट्रीय गृहस्थांनीं विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानें ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापिली. सहकाराचा कायदा त्या वेळीं अस्तित्वांतही नव्हता. थोडथोडी वर्गणी जमवून अडल्यानडल्याला कर्ज द्यावयाचें, इतकाच हेतु. आणि ‘अन्योन्य’ या एका शब्दांत त्याचें सर्व शास्त्र आलें आहे. पुढें मद्रासेकडील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनीं युरोपांतील पतसंस्थांचा अभ्यास करून दोन खंडांचा अहवाल लिहिला, आणि हिंदुस्थाननें आपला राइफायझेन शोधावा असा त्याचा निष्कर्ष दिला. सन १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा हें त्याचेंच फळ. सन १९११ मध्यें लल्लुभाई सामळदास व विठ्ठलदास ठाकरसी यांच्या खटपटीनें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, आणि आपला प्रांत सहकाराच्या कामांत अग्रेसर म्हणून ओळखला जाऊं लागला.

इतकें होऊनही प्रत्यक्ष फळ काय मिळालें? सन १९५१-५२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करविली. तिच्या समितीवर पुण्याचे धनंजयराव गाडगीळ हेही होते. सन १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून दिसलें कीं, शेतकऱ्यांनीं काढलेल्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ आणि सरकारचा ३.३ होता. अर्धशतकाच्या चळवळीनंतर शेंकडा तीन! तेंही बहुतेक बऱ्या स्थितींतील शेतकऱ्यांच्या पदरांत पडलें होतें. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, जो फेरीवाला किंवा बलुतेदार आहे, जी स्त्री आहे, त्यांचें नांव या हिशेबांत सहसा येतच नव्हतें. राइफायझेनचा सांगाडा आपण आणला. पण एका आळींतील माणसांनीं एकमेकांस ओळखून जबाबदारी घ्यावी, हा त्यांतील जीव वाटेंत हरवला. पूर्व बंगालांतही असेंच झालें. कोमिल्ला येथें अख्तर हमीद खान यांनीं सन १९५९ पासून मोठ्या निष्ठेनें सहकारी संस्था बांधल्या. परंतु कालांतरानें त्यांवर गांवांतील वजनदार शेतकऱ्यांचा पगडा बसला. कर्ज त्यांनींच उचललें व बुडविलेंही त्यांनींच.

ग्रामीण बँकेच्या रचनेंतील विशेष या अनुभवाच्या प्रकाशांत पाहिले म्हणजे नीट उमगतात. जमीनदाराला दारच बंद. कर्ज भूमिहीन अथवा जवळजवळ भूमिहीन असलेल्यांनाच. पांच-पांच जणींचा गट. प्रथम दोघींना कर्ज, त्यांचे हप्ते नीट आले म्हणजे इतरांना. फेड वर्षभर, दर आठवड्याला. बँकेचा माणूस खेड्यांत येतो आणि सर्वांसमक्ष पैसे मोजले जातात, त्यामुळें रोजगार बुडवून कचेरीचे खेटे घालावे लागत नाहींत. सन १९७९ मध्यें तांगाइल जिल्ह्यांत प्रयोगाचा विस्तार झाला, सन १९८३ मध्यें स्वतंत्र कायद्यानें बँक स्थापन झाली, आणि पुढें भागभांडवलाचा मोठा वांटा कर्जदारांच्याच मालकीचा झाला. कर्जदारांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा नव्वदांच्या वर गेलें. सन २००६ चें शांततेचें नोबेल पारितोषिक युनूस आणि ही बँक यांना मिळून देण्यांत आलें. स्त्रियांकडेच कर्ज कां, यावर बँकेचें उत्तर असें कीं, स्त्रीच्या हातीं आलेला पैसा पोरांच्या पोटांत जातो. आम्ही यांत आणखी एक कारण जोडूं. स्त्रीला गांव सोडून पळतां येत नाहीं, आणि चारचौघींत हप्ता चुकला तर तिला मान खालीं घालावी लागते. हें कारण सांगावयास गोड नाहीं. पण या पद्धतीचें बळ आणि तिचा धोका दोन्ही यांतच आहेत.

आपल्याकडे मुंबईंत व अहमदाबादेंत हीच गोष्ट त्याच सुमारास स्वतंत्रपणें घडत होती. अहमदाबादेंत इला भट यांच्या नेतृत्वाखालीं चार हजार कष्टकरी स्त्रियांनीं प्रत्येकीं दहा रुपये भाग घालून सन १९७४ मध्यें ‘सेवा’ बँक काढली. मुंबईची हकीकत आम्हांस अधिक जवळची वाटते. गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार बायकामुलें गांवीं ठेवून खोलींत दहा-वीस जणांसह राही व खाणावळींत जेवी. खाणावळ चालविणारी बाई बहुधा अशाच एका कामगाराच्या घरची. तिच्या धंद्याची अडचण विलक्षण होती: जेवण रोज घालावयाचें आणि पैसे मात्र गिरणीचा पगार झाल्यावर, महिन्यानें. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर काढावयाचे; वाणी उधारीवर भाव चढा लावी, सावकार व्याज चढें लावी, आणि नफा दोघांच्या घरीं जाई. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनीं सन १९७५ मध्यें या बायकांस संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिलें. पहिल्या गटांत चौदा जणी होत्या. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना प्रत्येकीं दीड हजार रुपये मिळाले. या बायकांना पाककला कोणी शिकवावयाची नव्हती कीं गिऱ्हाईक शोधून द्यावयाचें नव्हतें. एक महिन्याची तूट भरून निघाली, त्याबरोबर धान्य रोखीनें व ठोक भावानें घेतां येऊं लागलें, आणि जो नफा वाण्याकडे जात होता तो चुलीजवळ राहूं लागला. लहान कर्जानें धंदा वाढतो तो असा. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. आवक आणि जावक यांतील अंतर भरून काढण्याचा तो सरळ हिशेब आहे.

पण याच हकीकतीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत. जेवणाराच बेकार झाल्यावर खाणावळीला स्वस्त कर्ज असून काय उपयोग? आयर्लंडांत बटाट्याच्या नाशानें जें केलें तेंच येथें गिरणीच्या भोंग्याच्या मौनानें केलें. लहान धंद्याला भांडवल लागतें हें खरें. पण त्याहून आधीं, ज्याच्या खिशांत चार पैसे आहेत असें गिऱ्हाईक लागतें. हें गिऱ्हाईक कोणतीही पतपेढी निर्माण करूं शकत नाहीं. तें शेतीच्या पिकांतून, कारखान्याच्या पगारांतून, रस्ते-पाटबंधाऱ्यांच्या कामांतून निर्माण होतें. सूक्ष्म कर्जाचे भाट ही गोष्ट विसरतात.

आतां काळ्या प्रकरणाकडे येऊं. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कामांत नफ्यासाठीं चालणाऱ्या कंपन्या उतरल्या. ग्रामीण बँकेचा गट, आठवड्याचा हप्ता, स्त्री कर्जदार, हें सर्व बाह्यांग त्यांनीं उचललें. आंध्र प्रदेशांत तर एकाच घरांत तीन-तीन, चार-चार कंपन्यांचें कर्ज जाऊं लागलें. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जांतून फिटूं लागला. वसुलीवाल्याचा पगार वसुलीवर आणि कंपनीच्या शेअरचा भाव कर्जांच्या वाढीवर, अशी व्यवस्था असल्यावर दुसरें काय होणार? एका मोठ्या कंपनीनें सन २०१० मध्यें आपले शेअर भांडवलबाजारांत विकले व त्यांवर अर्जांचा पाऊस पडला. त्याच वर्षीं कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊं लागल्या, आणि आक्टोबरांत राज्य सरकारनें वटहुकूम काढून वसुलीला लगाम घातला. त्याबरोबर त्या राज्यांतील फेड जवळजवळ थांबलीच. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्यें आला. पुढें व्याजावर मर्यादा घालण्यांत आली. सन २०२२ च्या नव्या नियमांनीं ती मर्यादा काढून, कुटुंबाच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊं नये असें बंधन घातलें. सुप्याच्या वह्यांपासून या हप्तापुस्तकांपर्यंत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु कर्ज देणाऱ्याचें हित कर्ज घेणाऱ्याच्या धंद्यापासून सुटलें कीं काय होतें, तो धडा एकच आहे.

कोणी म्हणेल, मग सबंध पद्धतच टाकून द्यावी. यावर आमचें उत्तर असें कीं, टाकण्यापूर्वीं गरिबाला आज पैसा कोणत्या दरानें मिळतो तें पाहावें. चेन्नईंतील फळविक्रेत्यांविषयीं जी पाहणी झाली तींत त्यांच्या कर्जाचा दर दिवसाला सरासरी सुमारें पावणेपांच टक्के आढळला. सकाळीं हजाराचें फळ घ्यावें आणि संध्याकाळीं सत्तेचाळीस रुपये नुसत्या व्याजाचे मोजावे! अशा ठिकाणीं वर्षाला वीस-चोवीस टक्के घेणारी संस्था महाग म्हणतां येणार नाहीं. शिवाय अलीकडे या विषयाची शास्त्रीय परीक्षाही झाली आहे. ज्यांचें आजोळ महाराष्ट्रीय ते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं हैद्राबादेंतील १०४ वस्त्यांपैकीं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५२ वस्त्यांत प्रथम कर्जाची सोय करवून दोहोंतील फरक मोजला. सन २०१५ मध्यें हा आणि इतर पांच देशांतील असे मिळून सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष मध्यम प्रतीचा निघाला: कांहीं हित होतें, पण कायापालट होत नाहीं. सरासरी कुटुंबाचें उत्पन्न विशेष वाढलें नाहीं. ज्यांचा धंदा आधींपासून होता त्यांनीं त्यांत अधिक भांडवल घातलें. सहा वर्षांनीं पुन्हा पाहिलें तेव्हांही त्यांचेच धंदे ठळकपणें मोठे झालेले दिसले. केवळ कर्ज मिळतें म्हणून जे नव्यानें धंद्यांत पडले त्यांना फारसा लाभ झाला नाहीं.

दुसरा एक प्रयोग कलकत्त्याचा. तेथें कांहीं स्त्रियांना पहिला हप्ता नेहमींप्रमाणें दोन आठवड्यांनीं, तर कांहींना दोन महिन्यांनीं भरावयास सांगितला. ज्यांना सवड मिळाली त्यांनीं धंद्यांत अधिक पैसा गुंतविला आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा अधिक होता. मात्र त्यांच्यांत कर्ज थकविणाऱ्याही अधिक निघाल्या. या एका निकालांत सर्व पेंच सांठविला आहे. शिवणयंत्र घेतलें तर त्यावर पहिलें गिऱ्हाईक येईपर्यंत महिना जातो. पंधरा दिवसांनीं हप्ता मागणारा सावकार कर्जदाराला यंत्र घेऊंच देत नाहीं, तो तिला भाजीची टोपलीच घ्यावयास लावतो. संस्थेची शिस्त आणि कर्जदाराची वाढ यांत असें अंतर पडतें. ग्रामीण बँकेलाही हें शिकावें लागलें. सन १९९८ च्या महापुरानंतर तिचे हप्ते जागोजाग थकले, तेव्हां सन २००२ पर्यंत तिनें आपले ताठर नियम बदलून कर्जाची मुदत माणसागणिक कमीजास्त करण्याची मोकळीक दिली.

या सर्वांवरून आम्हांस जें वाटतें तें थोडक्यांत असें. पहिली गोष्ट, लहान कर्ज हें चालत्या धंद्याचें खत आहे. खडकावर टाकलेल्या खतानें पीक येत नाहीं. ज्याच्याजवळ कसब आणि गिऱ्हाईक आहे त्याला भांडवल द्यावें. ज्याच्याजवळ तें नाहीं त्याला रोजगार द्यावा. त्याच्या गळ्यांत कर्ज बांधून त्याला उद्योजक म्हणणें ही क्रूर थट्टा होय. दुसरी गोष्ट, हप्त्याची घटका धंद्याच्या घटकेशीं जुळली पाहिजे. भाजीवालीला रोजचा, शिवणकाम करणारीला महिन्याचा, शेळी पाळणारीला वर्षाचा. तिसरी आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कर्ज देणाऱ्या संस्थेंत कर्जदाराचा भाग आणि आवाज असला पाहिजे. बडोद्याच्या ‘अन्योन्य’ मंडळींत तो होता, अहमदाबादच्या दहा रुपयांच्या भागांत तो होता. हैद्राबादच्या बाजूला जेथें तो राहिला नाहीं तेथें अनर्थ झाला. सन १९९२ पासून नाबार्डनें पुरस्कारिलेले बचत गट आज महाराष्ट्राच्या खेडोपाडीं दिसतात. त्यांत आधीं बचत, मग आपसांत उसनवारी आणि नंतर बँकेचें कर्ज, असा क्रम असतो. हा क्रम जेथें पाळला जातो तेथें बायका आपल्याच पैशाचा हिशेब आधीं शिकतात.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांत म्हसवड येथील स्त्रियांनीं आपली बँक काढावयाचें ठरविलें, तेव्हां रिझर्व्ह बँकेनें त्यांचा पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकीं कित्येकींनीं त्यावर अंगठे उठविले होते. त्या घरीं परतल्या, अक्षरें गिरवूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हा मुंबईस जाऊन त्यांनीं अधिकाऱ्यांस सांगितलें कीं, कोणत्याही रकमेचें व्याज आम्हांस तोंडीं विचारा. सन १९९७ मध्यें त्यांची बँक सुरू झाली. १८७५ सालीं सुप्याच्या कुणब्यानें खत जाळलें, कारण त्यावरच्या आपल्या अंगठ्याखालीं काय लिहिलें आहे तें त्याला वाचतां येत नव्हतें. माणच्या बाईनें व्याजाचें कोष्टक पाठ केलें आणि वही आपल्या हातीं घेतली. सुप्याहून म्हसवड फार दूर नाहीं. पण एवढी वाट चालावयास आपल्या समाजाला एकशें बावीस वर्षें लागलीं.